सुपारी फुटली, आता फोटोवाल्याला इसार

माळशेज घाट चढून नगरच्या दिशेनं निघालं की मढच्या पुढं डिंगोरे लागतं, मग उदापूर, मग ओतूर. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की या सगळ्या पट्ट्यात माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. इकडं कांद्याची लागण, तिकडं उसाला पाणी, आणि मधेच कुणाची तरी सुपारी फुटते. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसून याद करतात. बस्ता कुणाचा, मांडव कुणाचा, आचारी कोण, मानपान किती, हे एकेक करून कागदावर उतरतं. आणि मग एका ओळीवर पेन अडतो: फोटो-शूटिंग.

“चार फोटो काढायचे एवढे पैसे?” हे कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा मुलीचा मामा नाहीतर चुलता. प्रश्न रास्त आहे, कारण या घरांत लग्नाचा पैसा टोमॅटोच्या क्रेटमधून आलेला असतो आणि त्यातला प्रत्येक रुपया माहितीचा असतो. उत्तर मात्र एका दमात देता येत नाही. त्यासाठी सातवाहनांपासून मेमरी कार्डापर्यंत एक फेरी मारावी लागते.

जुन्नर तालुक्यातला सगळ्यात जुना फॅमिली फोटो

तो नाणेघाटात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी घाटमाथ्यावर लेणं खोदलं आणि आतल्या भिंतीवर आपल्या घरातल्या माणसांच्या मूर्ती ओळीनं कोरून घेतल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. यातला महारठी म्हणजे नागनिकेचे वडील, असं बरेच अभ्यासक मानतात. सासरच्या ग्रुप फोटोत वधूपिता मानानं उभा, असं हे चित्र!

शेजारच्या भिंतींवर मोठा लेख आहे, आणि त्यात चक्क खर्च लिहिलाय. कुठल्या यज्ञाला किती दक्षिणा दिली त्याचा हिशोब. एका ठिकाणी १२ गायी आणि १ घोडा, दुसऱ्या ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती. कार्य झालं की त्याचा खर्च लिहून ठेवायची रीत आपल्या मुलखात एवढी जुनी आहे.

मूर्ती आता राहिलेल्या नाहीत. पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वरची नावं मात्र अजून वाचता येतात.

लग्नात पैसे कुणाला द्यायचे, यावर हायकोर्ट

ही गोष्ट ओतूरची, डिंगोऱ्याच्या शेजारची. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजीशिवाय, थोडक्या खर्चात. हे वारं जुन्नरकडंही आलं. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांच्या घरचं लग्न ब्राह्मणाला न बोलावता लागलं, तेव्हा ग्रामजोशांनी दावा लावला: आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा बुडता कामा नये. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. ज्याला बोलावलंच नाही त्याला पैसे देणं बंधनकारक नाही.

मला हा खटला फार महत्त्वाचा वाटतो. लग्नातल्या प्रत्येक माणसाचा वाटा आपल्याकडं जुन्या रीतीनं ठरलेला असे. कुंभाराचे कलश, परटाच्या पायघड्या, न्हाव्याचा मान, वाजंत्र्यांची बिदागी. फोटोवाला या रांगेत सगळ्यात शेवटी आला. त्याचा वाटा कुठल्याच रूढीत नाही. तो आपण बोलावतो म्हणून येतो आणि बोलून ठरवतो तेवढंच घेतो. म्हणूनच त्याच्याशी बोलणं नीट, सविस्तर आणि लेखी झालं पाहिजे. यादेत त्याच्या नावापुढं नुसता आकडा टाकून भागत नाही.

राणीच्या लग्नाचा फोटोच नाही

इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न १८४० साली झालं. आदल्याच वर्षी फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला होता, पण लग्नात कॅमेरा नव्हता. १८५४ मध्ये रॉजर फेंटन यानं राणी आणि प्रिन्स अल्बर्टचे फोटो काढले. आज कित्येक लोक तेच लग्नाचे फोटो समजतात. लग्नाला तोवर १४ वर्षं झाली होती!

त्याच साली, १८५४ मध्ये, मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक.

कॅमेरा आयुष्य खातो म्हणे

त्र्यंबकेश्वरचा एक तरुण फोटोग्राफीचा धंदा करू बघत होता. गोध्र्याला स्टुडिओ टाकला, तो प्लेगच्या दिवसांत बंद पडला. पुढं बडोद्यात प्रयत्न केला, तर गावात अफवा पसरली की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक फिरकेना. त्या तरुणाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. हेच पुढं भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके झाले.

आणि जुन्या फोटोंत कुणी हसत का नाही? त्या काळी काच उजेडाला बराच वेळ उघडी ठेवावी लागे. हसू एवढा वेळ टिकत नाही, ते हलतं, आणि हललेला चेहरा फोटोत पुसट येतो. स्टुडिओत तर मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागून लोखंडी आधार लावत. पणजोबा रागीट नव्हते, ते जिवाच्या करारानं स्थिर बसले होते.

रोलमधली चांदी

यशिका किंवा रोलीफ्लेक्सच्या चौकोनी कॅमेऱ्यात एका रोलमध्ये १२ फोटो मिळत. नंतर रुळलेल्या ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६. पाच रोल म्हणजे १८० फोटो, त्यातच हळदीपासून वरातीपर्यंत सगळं बसवायचं. म्हणून त्या पिढीचा फोटोग्राफर बटण दाबायच्या आधी माणसांना उभं करी, हनुवटी वर घ्यायला लावी, पदर सारखा करायला सांगे. एकेक फोटोला पैसा पडत होता.

फिल्मवर आणि कागदावर चांदीचे क्षार असतात. डार्करूममधल्या वापरलेल्या हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या, पाण्यात त्यातली बरीच चांदी उतरते, आणि ती परत काढता येते. म्हणून जुने स्टुडिओवाले ते पाणी ओतून न देता विकत असत. आजीच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो म्हणजे खरोखर चांदीत उमटलेलं चित्र. नीट धुतलेला असा फोटो पुढच्या रंगीत फोटोंपेक्षा जास्त टिकतो. १९८० च्या दशकातले कितीतरी रंगीत फोटो लालसर-पिवळे पडलेत, आणि त्याआधीचे काळे-पांढरे अजून ठणठणीत आहेत.

बटण दाबायचे किती?

आता मामांच्या मूळ प्रश्नाकडं. आकडे आपण धरून चालू, गणित मात्र खरं करू.

एका लग्नात ३,००० फोटो निघाले असं धरा. दोन कॅमेरे आणि दोन दिवस म्हटलं तर हे काही फार नाहीत. चांगल्या व्यावसायिक कॅमेऱ्याचं शटर दीड-दोन लाख वेळा उघडझाप करेल या हिशोबानं बनवलेलं असतं. वर्षाला ५० लग्नं केली तर ५० गुणिले ३,००० म्हणजे दीड लाख. एकाच कॅमेऱ्यावर काम केलं तर एक-दीड वर्षातच शटरचं आयुष्य संपतं. आणि चांगल्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याची नुसती बॉडी दोन-अडीच लाखांच्या घरात जाते. लेन्सचे पैसे निराळे.

पुढं फोटोंची निवड. एका फोटोवर फक्त २० सेकंद घालवले तरी ३,००० फोटोंना १६ तास ४० मिनिटं लागतात. त्यात रंग दुरुस्त करणं नाही, अल्बमची मांडणी नाही, आणि “आमच्या दाजींचा फोटो का नाही घेतला” हा फोनही नाही.

व्हिडिओचं वजन तर विचारू नका. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट वेगानं होत असेल तर तासाला ४५ जीबी भरतात. सहा तासांचे २७०. हे सगळं साठवायला हार्ड डिस्क लागते, आणि शहाणा माणूस एकावर थांबत नाही. या धंद्यात एक नियम सांगतात: प्रती तीन, साधनं दोन निराळी, आणि एक प्रत निराळ्या गावी. तुमचा फोटोवाला हे पाळतो का, हा मला सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. कॅमेरा कुठल्या कंपनीचा हे त्यामानानं गौण. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात असा कॅमेरा त्याच्याकडं असला तर निम्मी काळजी तिथंच मिटते, कारण कार्ड कधीही दगा देऊ शकतं आणि सप्तपदी पुन्हा चालता येत नाही.

आता अल्बम. आपल्याकडं ज्याला करिझ्मा म्हणतात, त्यातलं उघडलेलं एक जोडपान बहुतेक वेळा १२ बाय ३६ इंचांचं असतं, म्हणजे एक फूट बाय तीन फूट. अशी ४० पानं म्हणजे १२० चौरस फूट. १० बाय १२ च्या खोलीची फरशी झाकेल एवढं छापील चित्र एका पेटीत येतं!

इसार देताना हे सगळं डोक्यात असावं. माणसं किती येणार, किती दिवस, अल्बमला पानं किती, व्हिडिओ किती मिनिटांचा, हातात कधी मिळणार, आणि मूळ फायली देणार की नाही. गावाकडं ही ऑर्डर काही हजारांपासून सुरू होते, पुण्या-मुंबईकडं लाखांत जाते. भाव कमी-जास्त होणारच. पण “सगळं करून देतो” असं तोंडी सांगणाऱ्यापेक्षा हे सहा मुद्दे कागदावर लिहून देणारा मला कधीही स्वस्त वाटतो.

तारीख एकच, नवरदेव शंभर

आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, तेव्हा लग्नं नाहीत. पुढं पौषही बरेच लोक टाळतात. उरलेल्या दिवसांत पंचांगातल्या तारखा मोजक्या, आणि त्यातही रविवारी आलेली तारीख सोन्याची. त्या दिवशी हायवेच्या कडेची सगळी कार्यालयं आणि लॉन्स एकाच वेळी भरलेली असतात. आचारी, बँड, घोडा, फोटोवाला, सगळ्यांचा भाव त्या दिवशी चढतो, कारण पावसाळ्याचे चार महिने त्यांना यातच काढायचे असतात. आडवारची तारीख घ्यायची तयारी असेल तर त्याच पैशांत जास्त चांगला माणूस मिळतो.

गोरज मुहूर्त आणि गोल्डन अवर

माझी ही सगळ्यात आवडती गंमत. गायी रानातून परततात, खुरांची धूळ उडते, ती वेळ गोरज. जगभरचे फोटोग्राफर सूर्यास्ताच्या आधीच्या त्याच वेळेला गोल्डन अवर म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. सूर्य खाली आलेला असतो, किरण तिरपे आणि लांबून हवेतून येतात, निळा रंग वाटेत विखुरतो आणि चेहऱ्यावर उरतो तो कोवळा पिवळसर उजेड. धुळीनं तो आणखी मऊ होतो. आपल्या जुन्या माणसांनी लग्नासाठी नेमका हाच उजेड निवडला होता.

फक्त लग्न वेळेवर लागलं पाहिजे! सूर्य बुडाला की काही मिनिटांत उजेड निम्म्यावर येतो, मग पुन्हा निम्म्यावर. सहाचा मुहूर्त पाहुण्यांच्या सत्कारात सात वाजेपर्यंत गेला की फोटोवाल्याकडं उरतात ते मांडवातले एलईडी. आणि या दिव्यांची खोड वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार वेगात ठेवलं तर फोटोत काळे-उजळे पट्टे येतात. जाणकार फोटोग्राफर अशा ठिकाणी शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणून ठेवतो. पण त्या वेगात पडणाऱ्या अक्षता रेघांसारख्या दिसतात. दाणा न् दाणा हवेत थांबलेला हवा असेल तर पाचशेव्या भागाच्या वर जावं लागतं, त्यासाठी उजेड हवा, आणि उजेड तर गेलेला. अंतरपाट धरलेला असतो, ‘सावधान’ झालेलं असतं, आणि या सगळ्याचा निर्णय त्यानं एका श्वासात घ्यायचा असतो. मला विचाराल तर पैसे द्यायचे ते या श्वासाचे.

मांडवाचं कापडही घात करतं. लाल कापडातून आलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर लाल पसरतं. हळदीला तर गालांवरचा पिवळा, साडीचा पिवळा आणि झेंडूचा पिवळा मिळून कॅमेरा गोंधळतो. त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, म्हणून तो निळा मिसळतो, आणि नवरी आजारी दिसायला लागते. पांढरा मांडव आणि थोडं उघडं आभाळ, एवढ्यानं फुकटात फोटो सुधारतात.

आणि वरातीत डीजेसोबतचे लेझर! ते डोळ्यांना घातक आहेतच, पण किरण थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सरही जळतो. त्यावर कायमची रेघ उमटते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत ती दिसत राहते.

२४९ ग्रॅमचं रहस्य

लग्नातले छोटे ड्रोन बहुतेक २४९ ग्रॅमचेच का? कारण २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात मोडतो आणि त्याला नियम सर्वांत हलके. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्यापुढं दोन किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’. तो धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडं रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. उंचीची मर्यादा हिरव्या पट्ट्यात १२० मीटर. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीणमध्ये रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळं गावोगाव माणसं जागत होती. वरातीवर ड्रोन उडवायचा तर पोलीस पाटलांना आणि शेजारच्या वस्त्यांना आधी सांगून ठेवावं.

फोटो कुणाच्या मालकीचा?

तुमच्या! कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो. करारात काही वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून करार वाचून सही करा. अमेरिकेत साधारण याच्या उलट असतं, तिथं हक्क फोटोग्राफरकडं राहतो.

बिलावरचे १८

फोटोग्राफीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या फोटोग्राफरला नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळं गावातल्या बिलावर तो बहुतेकदा दिसत नाही. दोन दर ताडून बघताना हे विचारात घ्या.

पैसे घेतले, अल्बम नाही

असं झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. इसाराची पावती आणि मोबाइलवरची बोलणी जपून ठेवा.

फोटो नाही, तर नोंद अडते

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची, आणि अर्जासोबत पत्रिका आणि लग्नाचा फोटो मागतात. दोघांचेही चेहरे स्वच्छ दिसतील असा हार घातलेला एक साधा फोटो त्याच दिवशी वेगळा मागून घ्यावा. कॅन्डिडच्या नादात नेमका हाच राहून जातो.

कॅसेट आहे, वाजवायची कशावर?

१९९० च्या दशकात डोळे दिपवणारा हॅलोजन घेऊन शूटिंगवाला यायचा. मग मिक्सिंग होऊन, सिनेमाची गाणी घालून, तीन तासांची व्हीएचएस कॅसेट घरी यायची आणि अख्खी आळी बघायला बसायची. त्या कॅसेटी अजून लोखंडी कपाटात आहेत. पण व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई हिनं जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. शिवाय आपल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. माळशेजच्या पायथ्यालगतच्या आणि माथ्यावरच्या गावांना दमट हवा काय असते हे सांगायला नको.

घरात अशी कॅसेट असेल तर यंदाच्या पावसाच्या आधी ती पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. पुणे-नाशिककडं असं काम करणारे अजून आहेत. त्या कॅसेटमध्ये आजोबांचा चालतानाचा ठेका आहे, आणि तो कुठल्याच फोटोत नाही.

प्री-वेडिंगचा वाद

आपला तालुका मुळातच देखणा. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या जोड्या माळशेजला आणि धरणांच्या काठाला फोटो काढायला येतात. ज्यांना हौस आहे त्यांनी ती करावी. पण शिवनेरी हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथं ट्रायपॉड आणि लवाजमा लावून चित्रण करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि महाराजांच्या जन्मस्थळी कपडे बदलत पोझ देणं मला मनापासून खटकतं.

२०२५ मध्ये पुणे आणि अहिल्यानगरकडं मराठा समाजाच्या बैठका झाल्या. लग्नं साधेपणानं आणि थोड्या माणसांत करा, प्री-वेडिंग टाळा, अशी आचारसंहिता त्यांत मांडली गेली. मला त्यातलं एक पटतं. कर्ज काढून काढलेल्या फोटोत कर्ज दिसत नाही, पण ते असतं. पैसा मोजकाच असेल तर प्री-वेडिंग आणि ड्रोन दोन्ही सोडा आणि तोच पैसा लग्नाच्या दिवशी दुसऱ्या चांगल्या फोटोग्राफरवर घाला. एक जण मांडवात उभा राहील, दुसरा मांडवाबाहेर.

मांडवाबाहेर काय असतं?

सगळं. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’ या २०२४ च्या सिनेमात नवरी हरवते. नवरदेव पोलिसांना लग्नाचा फोटो दाखवतो, आणि त्यात तिचं तोंड घुंगटात आहे! फोटो आहे, माणूस नाही. ‘फोटो प्रेम’ या २०२१ च्या मराठी सिनेमात नीना कुलकर्णींची सुनंदा आयुष्यभर कॅमेऱ्याला लाजली, आणि आता तिला काळजी लागते की आपल्यामागं आपला एकही धड फोटो नाही.

आपल्या घरांत अशा सुनंदा कितीतरी आहेत. सकाळपासून चुलीपाशी असलेली काकी. मांडवडहाळ्याला मासवड्या थापणाऱ्या बाया, हातभर पीठ, एकीकडं गाणं. ओसरीवर टोपी मांडीवर ठेवून बसलेले पाटीलबाबा. नवऱ्यामुलाची दोन्हीकडच्या गडबडीत एकटी पडलेली आजी. स्टेजवर जोडप्याचे ४०० फोटो निघतात, आणि पुन्हा पुन्हा बघितले जातात ते कडेचे. दहा वर्षांनी अल्बम उघडला की कुणी शालूचा रंग बघत नाही. बोट जातं ते मागच्या रांगेतल्या माणसावर. “हे बघ, आबा किती छान बसलेत.” त्या एका फोटोपायी सगळा खर्च वसूल होतो, आणि तो फोटो आपसूक निघत नाही. इसार देताना फोटोवाल्याच्या हातात दहा नावांची चिठ्ठी द्यावी लागते, आणि लग्नाच्या दिवशी एका भाच्याला त्याच्याबरोबर फिरवावं लागतं, माणसं ओळखून दाखवायला. जेवणाच्या पंगतीत त्या फोटोवाल्याला वेळेवर बसवावं, हेही त्या भाच्याकडंच सोपवावं.

पेन्सिलीनं

आमच्या घरी एक काळा-पांढरा ग्रुप फोटो आहे. आजीच्या धाकट्या दिराच्या लग्नातला, १९ माणसांचा. स्वच्छ, एकही चेहरा पुसट नाही. त्यातल्या सात जणांची नावं घरात कुणालाच सांगता येत नव्हती. नाणेघाटात नावं उरली आणि माणसं गेली. आमच्या भिंतीवर नेमकं उलटं झालेलं.

मागच्या दिवाळीत फ्रेम उघडली. आत्याला चष्मा दिला आणि शेजारी बसलो. फोटोच्या मागं लिहायचं तर मऊ शिशाची पेन्सिल आणि हलका हात. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो आणि शाई वर्षांनी झिरपते. आत्या एकेकाला बोट लावत गेली. हा उदापूरचा, ही हिची जाऊ, हा बैल विकायला आला होता आणि जेवायला थांबला, तोच फोटोत उभा राहिला. सातांतली पाच नावं निघाली.

“आणि हे दोघं गं आत्या?”

“हे आपले नव्हंत. नवरीकडचे. ओतूरच्या मावशीला विचार, तिचं माहेर ते.”

श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला ओतूरला जायचंच आहे. फोटो पिशवीत घालून ठेवलाय, पेन्सिलीसकट.